जन्मदाखला आणि शाळेतली तारीख जुळत नसेल तर आधी आधारला हात लावू नका

ताई, मुलगा चौदाचा, उंची सहा फूट दोन. विभागाच्या बास्केटबॉल संघात नाव आलं आणि कागद तपासताना कापलं गेलं, कारण जन्मदाखल्यावर 19 ऑगस्ट आणि शाळेत 1 जून. वर तुम्ही विचारताय, अमेरिकेतली अकॅडमी कुठली बघू? अकॅडमीचं नंतर. ती 1 जून वाचून पोटात गोळा आला, आमच्याही घरात होती ती.

आमची चूक एवढीच की सगळ्यात सोपं म्हणून आधी आधार बदललं, तेही शाळेच्या चुकीच्या तारखेप्रमाणे. आधारवर जन्मतारीख बदलायची संधी साधारणपणे एकदाच मिळते, ती अशी वाया गेली. आणि ज्या कार्यालयाने 'आधार जुळवून आणा, मग बघू' असं सांगितलं (नाव घेत नाही), त्याने नंतर आधार बघितलंसुद्धा नाही. दोन हंगाम गेले.

क्रम असा ठेवा. पाया जन्मदाखला. तो महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या मूळ नोंदीवरून नव्याने काढा. मग ज्या शाळेत पहिलीला घातलं तिथल्या जनरल रजिस्टरचा (शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा) उतारा. पुढची प्रत्येक शाळा आधीच्या दाखल्यावरूनच तारीख उतरवते, म्हणून आताच्या शाळेत भांडून उपयोग नाही. मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे तारीख दुरुस्तीचा प्रस्ताव, सोबत प्रतिज्ञापत्र आणि मिळाला तर दवाखान्यातला प्रसूतीचा कागद. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच. हे दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत. शाळा सोडल्यावर दुरुस्ती जवळजवळ होत नाही. आधार आणि पासपोर्ट सगळ्यात शेवटी.

दुरुस्तीने वय कमी होणार, म्हणून समोरचा संशयानेच बघेल. वय तपासायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितला तर घाबरू नका, पण त्यावर विसंबूही नका. त्यातून हाडांची वाढ किती झाली ते कळतं, जन्मतारीख नाही. लवकर वाढलेला मुलगा त्यात मोठा दिसू शकतो. (मी वकील नाही, नियम बदलतात, चालू परिपत्रक स्वतः वाचा.)

आता अमेरिका. तिथल्या कॉलेज बास्केटबॉलचं म्हणजे एनसीएएच्या (तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) पहिल्या, सगळ्यात वरच्या डिव्हिजनचं घड्याळ नववीपासून चालू होतं. चार वर्षांत 16 मुख्य विषय-वर्षं लागतात (एक विषय एक वर्ष शिकला की एक). त्यात इंग्रजीची चार, गणिताची तीन. म्हणून अकरावीत 'खेळाला वेळ मिळेल' म्हणत गणित सोडू नका, आणि दहावी-बारावीला 'ड्रॉप' घेऊ नका. माझ्या मते आपल्याकडचे पालक सगळ्यात महाग चूक इथेच करतात. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग 2010 मध्ये फ्लोरिडाच्या आयएमजी या क्रीडा अकॅडमीत गेला. कॉलेजची शैक्षणिक अट पुरी न झाल्याने तो थेट 2015 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, उतरला. डॅलसच्या संघाने त्याला 52 व्या क्रमांकावर घेतलं, पण एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही. सात फुटांहून उंच मुलाची ही गत, तर सहा फूट दोनचं काय, विचार करा.

म्हणूनच मुलाला बास्केटखाली उभं करणाऱ्या कोचशी बोला. जिल्ह्यात तो सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) असेल, पण बाहेर या उंचीचा खेळाडू गार्डच, म्हणजे लांबून चेंडू खेळवणारा. डाव्या हाताने ड्रिबलिंग, दबावाखाली पास आणि 6.75 मीटरवरून (तीन गुणांच्या रेषेवरून) शॉट आत्ताच शिकायला हवेत. उंची दर महिन्याला मोजा. झपाट्याने वाढत असेल आणि गुडघ्याखालचं हाड दुखत असेल तर सिमेंटच्या कोर्टवरच्या उड्या कमी करा.

एजंटच्या कुठल्याही कागदावर सही नको. अकॅडमीला व्हिडिओ पाठवायचा तर पूर्ण सामन्याचा, निवडक बास्केटांचा नाही. जिमवाल्याच्या डब्यातली पावडर बंद. सतनामवर पुढे दोन वर्षांची बंदी आली ती हायजेनामाइन या बंदी असलेल्या द्रव्यामुळे, आणि ते सप्लिमेंटमध्येही सापडतं.

इथलं 'प्रोफेशनल' म्हणजे अजूनही बहुतेक रेल्वे, बँक, सेनादल यांच्या कोट्यातली नोकरी, आणि त्यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण तिथेही क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. तेव्हा जिल्ह्यापासूनची सगळी मूळ प्रमाणपत्रं जपा आणि त्यांवर नाव व जन्मतारीख अक्षरशः तीच आहे ना, हे घेतानाच, तिथेच उभं राहून तपासा.