ट्रायल म्हणून काम करून घेतलं आणि क्लायंट गायब झाला. ऑनलाइन फ्रीलान्सिंगमध्ये अशा लोकांपासून कसं वाचायचं?

तुमची हकीकत थोडक्यात अशी: तुम्ही खानापूरहून मराठी-कन्नड भाषांतर आणि ट्रान्सक्रिप्शनची (ऑडिओ ऐकून लिहून काढायची) कामं घेता. एका क्लायंटने प्लॅटफॉर्मवर गाठून टेलिग्रामवर नेलं, ‘ट्रायल’ म्हणून बावीस पानांचं भाषांतर करून घेतलं आणि आता मेसेज वाचूनही उत्तर देत नाही.

मीही याच धंद्यातला. राहायला बेळगावात, टिळकवाडीत, आधी डीटीपी करायचो, आता बरीच वर्षं कन्नड-मराठी-इंग्रजी यावरच घर चालतं. आपल्या भागातल्या माणसाला दोन्ही भाषा घरात आणि बाजारात आयत्या मिळतात. त्यामुळे हे काम आपल्याकडे येतं, आणि ते फुकटात काढून घेणारेही आपल्याकडेच घिरट्या घालतात.

क्लायंट कसा आहे हे बोलण्यावरून ओळखायच्या फंदात पडू नका. बुडवणारा फार गोड बोलतो. वेळेवर पैसे देणारे माझे दोन-तीन क्लायंट इतके खडूस आहेत की नमस्कारसुद्धा लिहीत नाहीत. मी एकच गोष्ट बघतो: या घडीला पैसे कुठे आहेत? काम माझ्या हातून सुटतं त्या क्षणी पैसे त्याच्या खिशातून निघालेले असायला हवेत, मग ते माझ्या खात्यात येवोत नाहीतर प्लॅटफॉर्मकडे अडकून राहोत.

आधी ट्रायलचं बोलू, कारण आपल्या कामात सगळ्यात जास्त गंडा तिथेच घातला जातो. मागे एकाने मला दहा मिनिटांची ऑडिओ ‘फक्त टेस्ट’ म्हणून पाठवली. ग्रामसभेचं रेकॉर्डिंग, अर्धं कन्नड, अर्धं मराठी, मागे स्पीकरची शिट्टी. शेवटी एक बाई म्हणते, ‘टाकी बांधली, ते खरं, पण नळाला...’ आणि फाइल संपली. संध्याकाळी निपाणीच्या मित्राशी फोनवर बोलताना कळलं की त्यालाही टेस्ट आलीय, आणि तिची सुरुवातच ‘...पाणी कुठाय?’ अशी आहे. फाइलची नावं ताडून पाहिली. माझ्या नावाच्या शेवटी ०७, त्याच्या ०८. म्हणजे अख्ख्या सभेचे तुकडे करून प्रत्येकाकडून एकेक तुकडा फुकट उरकायचा बेत होता. आम्ही काहीच पाठवलं नाही, उलट विचारलं की उरलेल्या भागांचा दर काय. त्यानंतर तो आयडी पुन्हा दिसला नाही.

खरी चाचणी लहान असते. भाषांतराला दोनशे-तीनशे शब्द, ऑडिओला दोन-तीन मिनिटं. सगळ्यांना एकच मजकूर दिलेला असतो, म्हणजे तुलना करता येते. त्याहून जास्त मागितलं की ‘पेड टेस्ट करू, पहिला टप्पा (माइलस्टोन) लावून त्याचे पैसे भरा’ असं सरळ लिहायचं. खरा क्लायंट यावर चिडत नाही. अपवर्क या फ्रीलान्सिंगच्या प्लॅटफॉर्मवर फुकट काम मागणं नियमातच बसत नाही, त्या जाहिरातीची तक्रार तिथल्या तिथे करता येते.

आता प्लॅटफॉर्म नेमकं काय देतो ते. ठरावीक रकमेच्या कामात क्लायंटने टप्प्याचे पैसे आधी भरायचे असतात. इसार तिसऱ्या माणसाच्या हाती ठेवावा तसे ते अडकून राहतात. इथे दोन गोष्टी लोक विसरतात. करार झाला म्हणजे टप्प्यात पैसे भरले गेले असं नाही, ते पानावर दिसेपर्यंत कीबोर्डला हात लावू नका. दुसरं, फाइल चॅटमध्ये टाकू नका. काम सादर करण्याचं जे बटण आहे, त्यावरूनच पाठवा. अपवर्कवर त्या बटणापासून १४ दिवस मोजले जातात. तेवढ्यात क्लायंटने मंजूर केलं नाही किंवा बदल सांगितले नाहीत, तर पैसे आपोआप सुटतात. चॅटमध्ये दिलेल्या फाइलला ही मुदत सुरूच होत नाही आणि क्लायंट महिनाभर ‘बघतो, बघतो’ करत राहतो.

तासांवरच्या कामात वेळ मोजणारं ॲप चालू ठेवावं लागतं. ते दर दहा मिनिटांच्या तुकड्यात केव्हातरी स्क्रीनचं चित्र घेतं आणि माउस-कीबोर्ड किती हलला ते नोंदवतं. आपल्या धंद्यात ही जरा पंचाईत आहे: एका शब्दासाठी छापील शब्दकोश चाळत बसलात तर ॲपला तुम्ही झोपलेले दिसता. म्हणून काय चाललंय ते त्या नोंदीत लिहीत जा. करंट गेला म्हणून मोबाइलवर काम केलं आणि नंतर हाताने तास भरले, तर त्या तासांना संरक्षण नाही. क्लायंटने नाकारले की गेले. लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंतच काम करा, नाहीतर तो भाग ठरावीक रकमेत घ्या.

फायवर या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर ऑर्डर पडतानाच पैसे घेतले जातात, डिलिव्हरीनंतर तीन दिवसांत क्लायंट गप्प राहिला तर ऑर्डर पूर्ण धरली जाते. कमिशन २० टक्के, ते टोचतं. पण त्याच टोचण्यापोटी लोक ‘बाहेर करू, कमिशन वाचेल’ या बोलण्याला भुलतात. प्लॅटफॉर्मवर भेटलेल्या माणसाकडून बाहेर पैसे घेतले तर तुमचंच अकाउंट बंद होऊ शकतं, आणि पैसे बुडाले तर दाद मागायची सोयही उरत नाही. करार व्हायच्या आधीच टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर या म्हणणारा माणूस, हीच माझ्या लेखी सगळ्यात मोठी खूण आहे.

जाहिरात उघडल्यावर बाकी बघायचं ते असं: पेमेंट पद्धत पडताळलेली आहे का, आजवर किती खर्च केलाय, किती जाहिराती टाकून किती जणांना खरंच काम दिलंय, आणि फ्रीलान्सरांनी त्याच्याबद्दल काय लिहिलंय. वीस जाहिराती आणि एकही काम दिलेलं नाही, असा माणूस फक्त टेस्ट गोळा करत असण्याची शक्यता दाट. भाषांतर एजन्सी असेल तर प्रोझ डॉट कॉमच्या ब्लू बोर्डवर तिचं नाव शोधा, तिथे भाषांतरकारच एजन्सीला एक ते पाच गुण देतात. नामांकित एजन्सीच्या नावाने जीमेलवरून मेल आला तर त्या एजन्सीच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर विचारून खात्री करा. आणि आपला सीव्ही वर्ड फाइलमध्ये कुणालाही पाठवू नका. फक्त ईमेल बदलून दुसऱ्याच्या नावावर जगणारे लोक या धंद्यात आहेत.

आपल्या गल्लीबोळांतल्या पोरांना जो प्रकार सर्रास गाठतो, तो वेगळाच आहे. डेटा एंट्रीचं काम, सात दिवसांत इतकी पानं, ९५ टक्के अचूकता, ऑनलाइन अ‍ॅग्रीमेंटवर सही. काम कितीही चोख करा, अचूकता नेमकी कमीच निघते. मग व्हॉट्सॲपवर ‘लीगल नोटीस’: करार मोडला, इतके हजार भरा, नाहीतर अटक. शहापूरच्या एका मुलाला आलेली अशी नोटीस मी पाहिलीय. वर अशोकस्तंभ, खाली कोर्टाचा शिक्का, त्याच्या शेजारी वकिलाचा, आणि पैसे भरायला कुणा व्यक्तीचा यूपीआय. वकिलाच्या नोटिशीवर कोर्टाचा शिक्का कशाला असेल? पोरगं दोन रात्री झोपलं नव्हतं, घरी सांगायची लाज. निव्वळ करार मोडला म्हणून पोलीस अटक करत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे दंडाची रक्कम कितीही लिहिलेली असली तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं. पैसे न भरता सगळे मेसेज जपून ठेवणं, घरच्यांना सांगणं आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकणं, एवढं केलं की पुरे.

प्लॅटफॉर्मशिवायची कामं, म्हणजे पुण्या-बेंगळुरूच्या एजन्सीची, यांत लेखी परचेस ऑर्डर (काम आणि दर लिहिलेली मागणी) घ्या आणि नव्या क्लायंटकडून काही रक्कम आगाऊ घ्या. शिवाय उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. आधार आणि पॅनवर होते, सरकारी साइटवर फुकट आहे. एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी काम घेण्याच्या आधीची असलेली बरी, नंतरच्या नोंदणीवरून वाद निघतात. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार तुमच्यासारख्या सूक्ष्म सेवा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशोबाने चक्रवाढ व्याज. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवरून करायची. ती पुरवठादाराच्या राज्यातल्या, असे वाद सोडवणाऱ्या परिषदेपुढे चालते, म्हणजे पुण्याच्या कंपनीला कर्नाटकात येऊन उत्तर द्यावं लागतं. (बेळगावचा दावा म्हटलं की आपल्याला २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेला तो सीमाप्रश्नाचा दावा आठवतो, पण बहुतेक एजन्सी या कायद्याचं नाव बिलाखाली छापलेलं बघूनच पैसे सोडतात.) परदेशी क्लायंटवर याचा उपयोग नाही.

कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांचा (ॲपवरून सुटी कामं करणाऱ्यांचा) कायदा केलाय, त्याबद्दलही हल्ली विचारलं जातं. तो प्लॅटफॉर्मकडून कल्याण शुल्क घेऊन सामाजिक सुरक्षा देण्याचा कायदा आहे. पळालेल्या क्लायंटकडून तुमची मजुरी तो वसूल करून देणार नाही.

आता तुमच्या बावीस पानांचं. पैसे मिळायची आशा फारशी धरू नका, पण तीन गोष्टी करा. टेलिग्रामचं सगळं संभाषण तारखांसह एक्स्पोर्ट करा, तो चॅट पुसायच्या आत. पहिली गाठ जिथे पडली त्या प्लॅटफॉर्मवर त्याच्या अकाउंटची तक्रार करा, बाहेर नेल्याचे आणि फुकट काम घेतल्याचे पुरावे जोडून. तिसरं, त्याला बिलासह एक शांत मेल लिहा: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी सही करूनच दिले जातात, मी ते दिलेले नाहीत, त्यामुळे बिल चुकतं होईपर्यंत हे भाषांतर वापरता येणार नाही. (ट्रान्सक्रिप्शनला हा मुद्दा तसा लागू पडत नाही.) खरी कंपनी मागे असेल तर या मेलला कधी कधी उत्तर येतं. वकिलामार्फत नोटीस पाठवायच्या भानगडीत पडू नका, बावीस पानांच्या मजुरीहून तीच महाग पडेल.

आणि येत्या काही दिवसांत त्याच्याकडून किंवा भलत्याच नावाने ‘तुमचं पेमेंट तयार आहे, फक्त प्रोसेसिंग फी भरा’ असा मेसेज आला तर एक रुपयाही पाठवू नका. पाठवून बसला असाल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत कळवलं तरच बँकेला ते थोपवता येतात.