गोळीने अभ्यास होतो का?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याचे खोलीतले मित्र ‘एकाग्रतेसाठी’ मिथिलफेनिडेटच्या गोळ्या घेतात. त्याने बुद्धी खरोखर वाढते का?

उत्तर : हे औषध मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनालिन ही संदेशवाहक रसायने पुन्हा शोषली जाण्यास अडथळा आणते. अवधानाचा विकार असलेल्यांना त्याचा चांगला उपयोग होतो; निरोगी माणसाचे मात्र निराळे. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० निरोगी तरुणांना एक कोडे दिले होते : ठराविक वजन पेलणाऱ्या पिशवीत कोणत्या वस्तू भरल्या म्हणजे एकूण किंमत सर्वाधिक होईल? गोळी घेतलेल्यांनी अधिक वेळ दिला, वस्तू अधिक वेळा काढल्या-घातल्या. पण त्या खटाटोपात पद्धत कमी आणि चाचपडणे अधिक होते, आणि औषध नसलेली नकली गोळी घेतल्यावर सरासरीहून सरस ठरलेले औषधानंतर बहुधा सरासरीच्या खाली घसरले. उमेद वाढते, म्हणून अभ्यास छान झाल्यासारखा वाटतो, इतकेच. शिवाय झोप उडते, आणि वाचलेले पक्के होते ते झोपेत! हे औषध आपल्याकडे ‘अनुसूची एक्स’मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत, असल्याने डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते; ती या मुलांकडे आहे का, हे आधी विचारा.