उस्तादांना अर्धं पान, पोराला एक ओळ

लातूरच्या एका 63 वर्षांच्या भाऊंचं चार पानी पत्र आलंय. सुरुवात मोटर रिवाइंडिंगपासून, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तांब्याची तार भरून देण्यापासून, मग जोडीला एसटीडी बूथ टाकला, 2003 ला मोबाईलचं इनकमिंग फुकट झालं तसा तो बसला, मग चाळिशी ओलांडल्यावर एमएस-सीआयटी करून ऑनलाईन अर्ज भरून द्यायचं दुकान, आता सोलर पंपाचं फिटिंग. वाइंडिंग अधूनमधून चालूच. आणि आता मोडी लिपीचा क्लास लावायचाय. पोरगा म्हणतो, बाबा म्हणजे आपल्या बाजारातली गंजगोलाई आहेत, सोळा रस्ते फुटतात पण पोचले कुठंच नाहीत. भाऊ विचारतात, मावशी, माझ्या शिकण्याची घरात कुणाला किंमत नाही, आयुष्य वाया गेलं का हो?

भाऊ, वाया बिया काही गेलं नाही. बूथ सगळ्यांचेच बसले. पोराचं बोलणंही मनाला लावून घेऊ नका, मला तर उपमा आवडली, सोळा रस्ते आहेत म्हणून तर गोलाईला बाजार भरतो.

मी अडकले तिसऱ्या पानावर. तिथं एक ओळ आहे, "रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात एक पोरगं यायचं शिकायला, दोन महिन्यांनी मोटर जाळली म्हणून हाकलून दिलं." बस. पुढच्या ओळीत लगेच सोलर पॅनल.

आणि पहिल्या पानावर उस्तादांना अर्धं पान दिलंय तुम्ही! एकोणीस वर्षांचे होता, पाच एचपीची मोटर भरून दिली, तारेचे टर्न, म्हणजे वेढे, मोजायला चुकलात, बटण दाबलं की धूर, शेतकरी दारात उभा, तिकडं त्याचा ऊस वाळतोय. उस्तादांनी पदरची तार घालून रातोरात मोटर भरून दिली आणि तुम्हाला नुसतं म्हणाले, वास घे, हा वास आता जन्मभर विसरू नको. त्या दिवशी मी कारागीर झालो असं तुम्हीच लिहिलंय.

मग त्या पोराला का नाही घेऊ दिला वास?

2016 चा उन्हाळा कसा होता ते मला सांगू नका, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, बोअर आटलेले, मोटारी कोरड्या फिरून जळायच्या, तुमच्या दारात रांग लागली असणार. पण तांबं उस्तादांच्या वेळी काय फुकट मिळत होतं का? खरं सांगू, राग आला मला. शिकायला तुम्ही दर वेळी हौसेनं गेलात कारण तिथं चुकलेलं चालतं, शिकवायला बसलं की दुसऱ्याच्या चुकीचे पैसे आपल्या खिशातून जातात, ते एकदाच गेले नि तुम्ही दार लावून घेतलं. आणि मला विचारताय किंमत कुणाला नाही म्हणून. एकाला होती की, दोन महिने रोज येत होता.

तुम्ही लिहिलंय, जळकी मोटर उघडली की नजरेनंच कळतं, काही कॉइल काळ्या नि काही लख्ख असल्या तर एक फेज गेला होता, सगळ्या सारख्याच काळ्या असल्या तर लोड जास्त झाला. वाचून मी आमच्या ह्यांना पण ऐकवलं. पुस्तकात असेलही हे, पण नजरेत यायला पन्नास मोटारी उघडाव्या लागतात आणि शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं.

मोडी शिका, कोण नको म्हणतंय, 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतो आपण, लोकांच्या घरात मोडीतले नि उर्दूतले कागद अजून पेटीत पडून आहेत. पण क्लास नंतर.

आधी ते पोरगं शोधा. आता पंचविशीच्या पुढं गेलं असेल. दोन महिने दुकानात होतं म्हणजे गाव तरी माहीत असेलच, एसटीनं जा, फोनवर उरकू नका. चुकलो म्हणायला जड जात असेल तर राहू द्या, एक मोटर आलीय, बघायला ये, एवढंच म्हणा. नाही आला तर परत जा. आला तर त्याच्या हातात पक्कड द्या नि तुम्ही स्टुलावर बसा.

आणि या वेळी जाळली तर तारेचे पैसे तुमचे.