अर्जातला ‘पूर्वीचे नाव’ हा रकाना

लग्नाला काही महिने किंवा काही वर्षे झालेली जोडपी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा आडनावाचा विषय पहिल्या भेटीत क्वचितच निघतो. तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत कशाच्या तरी आडून येतो. कधी बँकेतल्या संयुक्त खात्याच्या, कधी प्रवासाच्या तिकिटाच्या, तर कधी होणाऱ्या बाळाच्या जन्मनोंदणीच्या. आणि मग शब्द थोडेफार बदलून एकच चिंता ऐकू येते : “आडनाव बदलले तर मी माझी राहणार नाही, आणि नाही बदलले तर मी या घराची होणार नाही.” ही चिंता अलीकडे इतक्या जणींकडून ऐकली, की एका जोडप्याची हकिगत, त्यांच्या संमतीने आणि त्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे मांडावीशी वाटली.

ती संशोधक होती आणि तिचे शोधनिबंध जन्मापासूनच्या आडनावाने प्रसिद्ध झालेले होते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी विषय काढला म्हणून तिने बँकेच्या खात्यावरचे नाव बदलून घेतले. पासपोर्ट मात्र “पुढे बघू” म्हणत तसाच राहिला. दोन वर्षांनी नवऱ्याने परदेश प्रवासाची तिकिटे काढली, ती सवयीने नव्या आडनावाने. तिकिटावरचे नाव पासपोर्टशी जुळलेच पाहिजे, हा नियम दोघांनाही ठाऊक होता, पण तो आठवला विमानतळावर. ते तेथून परत आले. त्यानंतर दोघांत जे भांडण सुरू झाले, ते माझ्याकडे येईपर्यंत थांबलेले नव्हते.

“जगभर असेच चालते ना? मग आमच्याच घरात एवढा प्रश्न का?” त्याने विचारले. घरातला वाद बहुधा माहितीच्या अभावाने सुरू झालेला नसतो, म्हणून तो माहिती देऊन मिटवण्याचा प्रयत्न मी सहसा करत नाही; पण येथे थोडी माहिती आवश्यक होती. फ्रान्समध्ये १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतल्या नावाखेरीज दुसरे नाव धारण करण्यास मनाई केली, आणि आजही तेथे विवाहाने कायदेशीर नाव बदलत नाही. जोडीदाराचे आडनाव व्यवहारात वापरण्याची मुभा तेवढी असते. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १९८१ पासून पती आणि पत्नी दोघेही आपापल्या जन्मनावानेच नागरी हक्क बजावतात. याउलट जपानच्या नागरी संहितेचे कलम ७५० पती-पत्नींनी एकच आडनाव धारण करावे असे सांगते. ते कोणाचे असावे, हे कायदा सांगत नाही, तरी नव्वद टक्क्यांहून अधिक जोडप्यांत पत्नीच आपले आडनाव सोडते, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये ही तरतूद घटनेशी सुसंगत ठरवली. ‘असेच चालते’ म्हणण्यासारखे जगात एकच एक ‘असे’ नाही, एवढे त्याच्या लक्षात आले. तिच्या लक्षात आले ते निराळेच : “म्हणजे कागदावरचे नाव आणि वापरातले नाव दोन असू शकतात?”

असू शकतात, आणि माझ्या मते हा विचार अर्ज भरण्याच्या आधी व्हायला हवा. आपण एका शब्दात तीन गोष्टी कोंबतो. एक असते राज्यसंस्थेच्या लेखी असलेले नाव, ज्याच्यावर पासपोर्ट, कर, मालमत्ता आणि विमा चालतो. दुसरे कामाच्या क्षेत्रातले, ज्या नावाने लोक आपले काम ओळखतात. तिसरे असते घराचे नाव, जे दारावरच्या पाटीवर आणि लग्नपत्रिकांवर येते. या तिन्हींचा निर्णय एकच असला पाहिजे असे नाही आणि एकाच वेळी घेतला पाहिजे असेही नाही. तिच्या कामापुरता मार्ग तर सरळ होता : संशोधकांसाठी २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक उपलब्ध आहे, ज्याच्याशी आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही नावांचे लेखन जोडता येते. बऱ्याच जणींची अडचण एवढ्यावर सुटते. तिची सुटली नाही, आणि म्हणूनच मला वाटू लागले की अडचण कामाची नाहीच.

मी त्या दोघांना नावबदलाचे दोन कोरे अर्ज दिले. घरी समोरासमोर बसून दोघांनीही ते भरायचे होते; तिने त्याचे आडनाव लावून आणि त्याने तिचे. पुढच्या भेटीत तो आला तेव्हा त्याचा अर्ज अर्धाच भरलेला होता. “‘पूर्वीचे नाव’ या रकान्यात स्वतःचे नाव लिहायला हात धजला नाही,” तो म्हणाला. “मी अजून तोच आहे, मग ते नाव पूर्वीचे कसे?” मला हेच अपेक्षित होते, आणि आता ती “बघ, मला हेच दोन वर्षे वाटते आहे,” असे म्हणेल, या कल्पनेने मी तिच्याकडे पाहिले.

तिचा अर्ज पूर्ण भरलेला होता.

“माझा हात अडला नाही, मॅडम,” ती म्हणाली. “त्याचीच मला भीती वाटली.”

यानंतरच्या शांततेत मी काहीही विचारले नाही. माझ्या आजवरच्या कामातल्या ज्या थोड्या क्षणांबद्दल मला समाधान वाटते, त्यांत मी बोललेल्या क्षणांपेक्षा न बोललेले क्षण अधिक आहेत. काही वेळाने ती आपणहून सांगू लागली. ती सहा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले आणि पुढे रीतसर घटस्फोट झाला. तरीही आईने त्यांचेच आडनाव कायम ठेवले. “मला ते आडनाव वडिलांचे म्हणून कधीच आवडले नाही. पण त्या नावाची आम्ही दोघीच उरलो होतो. मी ते सोडले, तर आई त्यात एकटी राहील.”

नवरा दोन वर्षे समजत होता की तिचा नकार त्याच्या घराला आहे. सासूबाईंना तो अहंकार वाटत होता, आणि मलाही तो स्वत्वाचा प्रश्न वाटला होता. नकार तिचाच होता, पण तो स्वतःसाठी नव्हता. मी ज्या दृष्टीने काम करते, तिच्यात माणूस एकटा कधीच खोलीत येत नाही. त्याच्याबरोबर मागच्या दोन पिढ्या येऊन बसतात. त्यामुळे आडनावाचा निर्णय अडला असेल तर “तुम्हाला काय हवे आहे?” या प्रश्नाच्या बरोबरीने “हा निर्णय घेतल्यावर तुम्हाला कोणाच्या डोळ्यांत बघणे अवघड जाईल?” हाही प्रश्न मी आता विचारते. तो आधी विचारला असता, तर आमच्या दोन-तीन भेटी वाचल्या असत्या.

पुढच्या भेटीला तिने आईला आणले. लेकीचे सगळे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, शाळेच्या कागदांवर तुझे आणि माझे नाव जुळावे, कोणी तुला उलटसुलट विचारू नये, म्हणून मी ते ठेवले. तुझे शिक्षण संपून किती वर्षे झाली! आता मलाही ते नको आहे.” लेक रडली, आणि जावयाने उठून सासूबाईंसमोर पाण्याचा पेला ठेवला.

तिने आडनाव बदलायचे ठरवले. शोधनिबंधांवर मात्र जुनेच ठेवले. मी हा निर्णय कोणालाही आदर्श म्हणून सांगत नाही, कारण न बदलण्याचा निर्णय इतक्याच मोकळेपणाने घेतलेल्या स्त्रियाही मी पाहिल्या आहेत. मी आग्रह धरते तो एका गोष्टीचा : ठरवल्यावर अर्धवट राहू नका. आपल्या देशात आपल्याला लागू असलेला नियम आधी पाहा, आणि मग सर्वांत मोठ्या ओळखपत्रापासून, म्हणजे राष्ट्रीय ओळखपत्र किंवा पासपोर्ट यांपासून सुरुवात करा, कारण बँक, कर, विमा आणि नोकरीची कार्यालये सहसा त्याचाच आधार मागतात. जुन्या आणि नव्या नावाला जोडणारा पूल म्हणजे विवाहाचा दाखला. त्याच्या प्रमाणित प्रती जास्तीच्या काढून ठेवा, कारण पदवीची प्रमाणपत्रे बहुधा जुन्याच नावाची राहतात आणि तो पूल आयुष्यभर लागतो. बँकेत नावाबरोबर सहीचा नमुनाही बदलावा लागतो, आणि वारस म्हणून आपले नाव जिथे जिथे लागले आहे, तिथे हा बदल ज्याचे खाते किंवा विमा आहे त्याने कळवावा लागतो, हे बरेच जण विसरतात. हे सगळे चालू असताना प्रवासाचे तिकीट काढायचेच झाले, तर हातात जो पासपोर्ट असेल त्यावरच्या नावानेच काढा. आणि ज्यांनी नाव कायम ठेवले आहे, त्यांनी मुलांबरोबर प्रवास करताना आई-वडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला जवळ ठेवावा. आडनावे वेगळी असली, तरी मग सहसा खोळंबा होत नाही.

काही महिन्यांनी मला तिच्या आईचा फोन आला. लेकीचे काम पूर्ण झाले होते. त्यांना स्वतःसाठी विचारायचे होते, की घटस्फोटाच्या निकालाची प्रत जोडून जन्माचे आडनाव परत घ्यायचे असेल, तर आधी ओळखपत्र करावे की आधी बँक. मी त्यांना म्हटले, “आधी ओळखपत्र.” त्यांनी मला क्षणभर थांबायला सांगितले आणि कागद-पेन घेऊन आल्या.