नेटवर्क मॅनेजरची सक्ती हवी का?

प्रश्न : माझ्या डेबियन (लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली) संगणकाची नेटवर्क जोडणी मी ‘इंटरफेसेस’ या जोडणीच्या नोंदींच्या फाइलमध्ये स्वतः लिहून ठेवली आहे, तरीही नोम डेस्कटॉपबरोबर (खिडक्या, मेनू दाखवणाऱ्या पडद्यावरील वातावरणाबरोबर) नेटवर्क मॅनेजर हे जोडणी सांभाळणारे सॉफ्टवेअर बसवण्याची सक्ती असावी का?

उत्तर : नसावी, असे माझे ठाम मत आहे. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये सुरू केलेले हे साधन लॅपटॉपवर मोलाचे ठरते, कारण वाय-फाय बदलले किंवा केबल काढली तरी ते जोडणी आपोआप सांभाळते. परंतु कायम एकाच केबलवर चालणाऱ्या संगणकाला त्याची गरज नसते. डेबियनच्या तांत्रिक समितीनेही २०१२ मध्ये नोमच्या मूळ संचातील ही सक्ती काढून तिथे केवळ शिफारस ठेवण्याचा निर्णय दिला, आणि तो मला योग्य वाटतो. शिफारस केलेले पॅकेज (सॉफ्टवेअरचा संच) एरवी आपोआप बसते, नको असणाऱ्याला मात्र ते वगळता येते. आपण फाइलमध्ये नोंदवलेल्या जोडणीला डेबियनवर नेटवर्क मॅनेजर सहसा हात लावत नाही.