कोणासाठी करतोस, ते खरं सांग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी गंगापूर रोडच्या टपरीवर तू मोबाइल पुढे केलास. पडद्यावर तुझं कागदी भिरभिरं आणि खाली यूट्यूबचा प्रश्न : हा व्हिडिओ मुलांसाठी बनवला आहे का? तुझा अंगठा ‘नाही’वर घुटमळत होता. ‘सर, पालकही बघतातच ना?’ मी चहा अर्धा टाकून उठलो, ते रागानं.

अरे, सुरुवातच तू ‘बालमित्रांनो, कात्री आईला विचारून घ्या’ अशी करतोस! मग कोणासाठी करतोस, ते खरं सांग.

वर तू विचारतोस, या प्रश्नामागचा अमेरिकेचा कायदा नाशकात कशाला. कायदा तिकडचाच, १९९८ चा. १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा करू नका, एवढंच त्याचं म्हणणं. त्यापायी २०१९ मध्ये गूगल-यूट्यूबला १७ कोटी डॉलर मोजावे लागले आणि जानेवारी २०२० पासून ही खूण जगभरच्या व्हिडिओवाल्यांच्या गळ्यात पडली. दुकान त्यांचं, आपण ओट्यावर बसलेले.

‘होय’ केलं की बघणाऱ्याच्या सवयी हेरून दाखवलेल्या जाहिराती बंद. साध्या चालू राहतात, पण पैसा कमी. कॉमेंट बंद, नव्या व्हिडिओची वर्दी देणारी घंटी बंद. मलाही झोंबलं होतं. माझ्या चॅनलवर सहा महिने मी ‘नाही’च ठेवलं. गोष्टी चिमणी-कावळ्याच्या आणि म्हणे मोठ्यांसाठी! वर्गात खोटं बोललं म्हणून पोरांना बाकावर उभं करणारा मास्तर मी.

एक गल्लत मात्र करू नकोस. मूल दिसलं म्हणून व्हिडिओ मुलांचा होत नाही. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात, उड्या मारणारी पोरं दाखवून तू मोठ्यांना पेशवेकालीन रहाडींची माहिती सांगितलीस, तर तो मोठ्यांचा. विषय, भाषा, चित्रं, सगळं मिळून ठरतं. म्हणूनच म्हणतो, कोणासाठी करतोस ते खरं सांग.

आणि तो चित्रस्पर्धेचा फॉर्म! नाव, वय, शाळा, आईचा नंबर, घरचा पत्ता. पत्ता कशाला, तर बक्षीस पाठवायला. बक्षिसं तीन आणि पत्ते शंभर पोरांचे?

मीही हेच केलं होतं. विजेत्या मुलीचं चित्र दाखवताना खाली नाव, इयत्ता, शाळा टाकली. चौथ्या दिवशी तिचे वडील दारात. ओरडले नाहीत. ‘सर, काल शाळेच्या गेटवर कोणीतरी तिला पूर्ण नावानं हाक मारली,’ एवढंच म्हणाले. कोण होतं, कधीच कळलं नाही. व्हिडिओ त्याच संध्याकाळी काढला. पण चार दिवस तो तिथे होता ना!

आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा तर १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो. पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलांवर पाळत ठेवून जाहिरात नको. मुलांबाबतची कलमं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अंमलाला मुदत दिली आहे. तेवढ्या मुदतीत पत्ते जमवून घेऊ, असं मनात आलं असेल तर मला तोंड दाखवू नकोस.

माझं चॅनल वाढलं नाही, खरंय. तुझी आई म्हणालीही, सरांना धंदा जमला नाही. जमला नाहीच. पेन्शन आहे म्हणून तत्त्वं सुचतात, असंही म्हण. पेन्शन नसती तरी मी हेच केलं असतं. बहुतेक.

तर भिरभिऱ्याला ‘होय’ कर. फॉर्ममधले शाळेचे, पत्त्याचे रकाने उडव, आलेल्या नोंदी पुसून टाक. तिघांच्या पालकांना फोन करून पत्ता विचारता येतो. कॉमेंट गेल्यावर पोरांना काय वाटतं ते कळणार नाही, याची चिंता असेल तर शनिवारी पंचवटीत माझ्याकडे ये. आठ-दहा जण जमतात, कंटाळा आला तर तोंडावर सांगतात. टाचण्या आण, माझ्याकडच्या गंजल्यात.

तुझा,
सर