वरुडजवळच्या खेड्यात राहतो, फ्रेंचचा क्लास नाही. शब्द इंग्रजी अर्थासोबत पाठ करू की मराठी?

इंग्रजी जोडीनेच करा. मराठी अर्थ फक्त इंग्रजी शब्द फसवतो तिथं लिहा. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत मुरले, म्हणून निम्मं काम आधीच झालेलं असतं. लिबेर्ते म्हणजे लिबर्टी, युनिव्हेर्सिते म्हणजे युनिव्हर्सिटी. अक्षरावर टोपीसारखी खूण दिसली की बऱ्याचदा तिथला ‘एस’ गळालेला असतो: फोरे म्हणजे फॉरेस्ट, ओपिताल म्हणजे हॉस्पिटल. फसवे शब्द मात्र लाल पेनानं वेगळ्या पानावर:

- लिब्रेरी: पुस्तकांचं दुकान, लायब्ररी नव्हे
- मोने: सुटे पैसे, चिल्लर
- रेस्ते: थांबणं, आराम करणं नव्हे
- ब्लेसे: जखमी करणं (आशीर्वाद समजाल तर पंचाईत)

लिंग इंग्रजीतून कळत नाही आणि मराठीवरून काढलंत तर हमखास चुकाल. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांची ल्यून स्त्रीलिंगी. म्हणून नाम एकटं कधीच लिहू नका, आधी ‘ल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) लावा. नाम स्वरानं सुरू होत असेल तर ‘ल’ किंवा ‘ला’मधला स्वर गळतो आणि लिंग दिसतच नाही. संत्र्याचंच बघा, तिथं ‘युन ओराँज’ (‘युन’ म्हणजे स्त्रीलिंगी ‘एक’) असं लिहा, म्हणजे स्त्रीलिंग डोळ्यासमोर राहील. दिवसाला १०-१२ शब्द पुरेत. पण स्पेलिंग सारखं असलं तरी उच्चार सारखा नसतो, ‘नेशन’ तिकडे ‘नास्याँ’ होतं. तेव्हा रेंज असेल तेव्हा ऑडिओ डाउनलोड करून ठेवा आणि शब्द आधी ऐका, मग वहीत उतरवा.